झबल्याच्या कोपऱ्यातली हळद

१४ एप्रिल १९६२, बंगळूर

पुण्याचे संपादक माझ्या वार्तापत्रातून जे कापतात ते कुठेतरी ठेवायला हवे, म्हणून ही वही. प्रेमा म्हणते, तुम्ही घरात बोलता तेवढे पुरे नाही का? तिने गेली वीस वर्षे माझे ऐकले आहे, त्यामुळे तिच्या मताला किंमत आहे. तरी लिहितो.

आज मल्लाप्पा मास्तर आले. मूळचे चिकोडीकडचे. शाळेतून निवृत्त झाल्यावर लोकांनी त्यांना हलसिनकट्टे नगरपालिकेत निवडून दिले. शहराच्या पूर्वेला चिकटलेली ही एवढीशी पालिका. तिचे एक प्रसूतिगृह आहे. बाळंतीण घरी निघाली की तिला पालिकेतर्फे एक गाठोडे देतात: दोन झबली, टोपडे, दुपटे. दरवर्षी टेंडर निघते, ज्याचा दर सर्वांत कमी त्याला काम मिळते. मास्तरांना हे बदलायचे आहे.

म्हणाले, "कपडा आपण घेणारच आहोत, पद्माकरराव. त्याच पैशात बाळाच्या अंगावर कपडा येतो आणि शिवणाऱ्या निराधार बाईच्या ताटात भाकरीही येते. मग आपण निम्माच माल घेऊन घरी का यायचं?"

मला हे फार आवडले. मी म्हटले, ठरावाची अट मी लिहून देतो. संस्कृत शब्द घातले की कानडी सभासदाला ते कानडी वाटतात आणि मराठी माणसाला मराठी. पाठशाळेत घालवलेल्या वर्षांचा एवढाच उपयोग आता उरला आहे.

लिहिले: 'न्यूनतम दराहून किंचित अधिक मूल्य पडले तरी नमुना मान्य झाल्यास निराधार स्त्रियांच्या सहकारी संस्थेकडूनच वस्त्रे घ्यावीत.' मास्तरांनी ते दोनदा वाचले. मीही वाचले. चांगले झाले आहे.

३ मे

ठराव मंजूर. संपादकांना कळवले. त्यांनी दोन ओळी छापल्या, त्याही आंब्याच्या भावाखाली.

११ मे

मास्तरांबरोबर कबनपेटेत संस्था बघून आलो. एका गिरणीच्या मागची लांबोडी खोली. खिडकी एकच, आणि तिच्याशी बसायला पाळी. शिवणयंत्रे एका धर्मादाय मंडळाने वर्षाच्या बोलीने दिलेली आहेत. वर्षात कायमचे काम मिळाले तर यंत्रे संस्थेची, नाही तर मंडळ परत नेणार.

संस्था चालवते ती भागुबाई. वय पस्तिशीच्या आसपास, दिसते पन्नाशीची. निपाणीची. नवरा गेल्यावर तंबाखूच्या वखारीत होती. तिथल्या धुळीने छातीचा विकार जडला. डॉक्टरने सांगितले, पुन्हा वखारीत पाऊल टाकलेस तर मला बोलावू नकोस, लाकडे बोलाव. म्हणून भावजयीच्या ओळखीने इकडे आली.

हे सांगून ती हसली. "डॉक्टर चांगला होता बघा, अण्णा. फी घेतली न्हाई."

तिने शिवलेले झबले हातात दिले. मला ते उलटे वाटले. शिवण बाहेरून होती. मी तसे म्हणालो, तर शेजारची यल्लव्वा तोंडाला पदर लावून हसू लागली. भागुबाई म्हणाली, "तान्ह्या बाळाचं असंच शिवायचं, अण्णा. शिवण आत असली की मानंला काचतीया. बाळ रडतंय, आई म्हणती भूक लागली."

घरी आल्यावर हे प्रेमाला सांगितले. ती म्हणाली, आपल्या नयनाची झबली मी कशी शिवत होते, पाहिलं नाहीत ना कधी? नव्हते पाहिले.

२० मे

रविवार, म्हणजे हंबीरराव. या गावात माझे संस्कृत तासभर ऐकून घेणारा हा एकच माणूस, आणि त्याला त्यातले अक्षर कळत नाही. असा श्रोता भाग्यानेच मिळतो. घराणे इथे किती पिढ्यांचे आहे ते त्यांनाही ठाऊक नाही. कापडाचा व्यवसाय, पलटणीचे गणवेश, आणि इतकी वर्षे हलसिनकट्टे प्रसूतिगृहाची गाठोडीही तेच देत होते.

मला संकोच वाटत होता. माझ्याच वाक्याने त्यांचे काम गेले. पण ते आले ते हसतच. "काय शास्त्रीबुवा, आमच्या पोटावर पाय? तो पण संस्कृतातनं? सरी, सरी, ठीक आहे! पुण्याचं काम आहे. स्वल्प चहा होऊन जाऊ दे, अक्का."

याला म्हणतात मनाचा मोठेपणा.

जाताना जिन्यात थांबले. हळूच म्हणाले, "एकच सांगतो, वाईट नका मानू. जन्मल्या जन्मल्या लेकराच्या अंगावर पहिलं कापड, ते विधवांच्या हातचं. मी नाही म्हणत. पण लोक म्हणतील. कोण एखादी बाई गाठोडं परत करेल, दुसरी तिचं बघून करेल. मग संस्थेची अब्रू काय राहिली?"

हे माझ्या डोक्यात आले नव्हते. विचार करणारा माणूस आहे.

२४ मे

विचारान्ती उपाय सुचला. नव्या कपड्याला आपल्याकडे हळदीचे बोट लावूनच तो अंगाला लावतात. तर प्रत्येक झबल्याच्या आतल्या कोपऱ्यात सवाष्णीच्या हातून हळद लावावी. शुभ होते आणि लोकांचे तोंडही बंद होते. सवाष्ण घरातच आहे. शास्त्राधार शोधला. सापडला नाही. पण निषेधही सापडला नाही, आणि धर्मशास्त्रात तेवढे पुरते.

प्रेमा म्हणाली, "मालाला डाग पडेल."

"हळदीला डाग म्हणत नाहीत."

"हळद लावणारा म्हणत नाही. विकत घेणारा म्हणतो."

माझ्यासारख्याच्या संसारात राहून ही व्यवहाराचे कुठे शिकली कळत नाही.

२६ मे

भागुबाईला सांगितले. लोक काय म्हणतील ते सांगावेच लागले. शक्य तितके सौम्य शब्द योजले. यंत्रे थांबली. यल्लव्वा कानडीत काहीतरी ताडकन बोलली, ते कुणी मला मराठीत समजावून दिले नाही.

भागुबाईने हातातले टोपडे पुरे केले, दोरा दातांनी तोडला, आणि मग म्हणाली, "लोक म्हणतील म्हंता. कोन म्हनलं, अण्णा?"

मी म्हटले, अजून कुणी नाही, पण म्हणतील.

"बरं. तुम्ही शिकलेली मानसं. अक्कांना बोलवा. अक्कांच्या हाताला आमी न्हाई म्हनायचो न्हाई."

सुज्ञ बाई.

१७ जून

आज हळद झाली. माल तयार होता, पांढऱ्या मऊ मलमलीचे ढीग. प्रेमा सकाळपासून बसली होती. बायकांनी एकेक झबले तिच्यापुढे धरायचे, तिने आतल्या डाव्या कोपऱ्यात शिवणीजवळ बोट टेकवायचे. मी दोन मंत्र म्हटले. कुणी मागितले नव्हते.

शेवटी प्रेमाने एक विचित्र गोष्ट केली. वाटी भागुबाईपुढे धरली आणि म्हणाली, "हे एक तुम्ही लावा." भागुबाई मागे सरकली. प्रेमाने तिचे बोट धरून वाटीत बुडवले आणि झबल्यावर टेकवले. मी खिडकीकडे बघत होतो. बघायला गिरणीची भिंत होती.

संध्याकाळी हंबीरराव. त्यांना सगळे रंगवून सांगितले. मांडीवर थाप मारून हसले. "वा शास्त्रीबुवा! काय डोकं आहे! पण दिसायचं नाही ना ते?"

म्हटले, "आतल्या बाजूला, डाव्या कोपऱ्यात, टाक्याच्या आडोशाला. शोधूनही सापडणार नाही."

"मग चिंता नाही," म्हणाले. दुसरा चहा न घेताच गेले. पलटणीचे काम वाढले आहे म्हणे.

४ जुलै

विपरीत घडले.

माल पालिकेच्या भांडारात पोचला. पद्धत अशी की मान्य झालेला नमुना लाखेचा शिक्का मारून तिथे ठेवलेला असतो. आलेला माल त्याच्याशी ताडून बघायचा. मास्तर, भागुबाई आणि मी हजर होतो. स्टोअरकीपरने पहिले गाठोडे सोडले, झबले उचलले, ते उलटे केले आणि डावा कोपरा आमच्यापुढे धरला. मग दुसरे. मग तिसरे. कापड बघितले नाही, माप घेतले नाही, शिवण ओढून पाहिली नाही.

"नमुना स्वच्छ आहे. माल डागी आहे."

मास्तरांनी हळद आहे म्हणून सांगितले. तो म्हणाला, "नमुन्याला हळद आहे का?" नव्हती. नमुना मेच्या आरंभीचा, कल्पना मेअखेरची. अखेर आठवड्याची मुदत मिळाली: डाग काढून आणा.

वाटेत मनात आले, याने नेमका तोच कोपरा कसा काय धरला? पण वर्षानुवर्षे कापड हाताळणाऱ्याची नजर अशीच तयार होत असावी. माझीही प्रूफे बघताना होते.

५ जुलै

प्रेमा आणि भागुबाई दोघींचेही एकच मत: साध्या पाण्यातून काढून उन्हात टाका, हळद उन्हाने उडते. बरोबर आहे. पण ऊन कुठून आणायचे? आषाढातले बंगळूर. आभाळ घोंगडी पांघरून बसले आहे. बायकांनी गिरणीच्या गच्चीवर दोऱ्या बांधून झबली पसरली आणि सगळ्या खाली बसून वर बघत राहिल्या. सूर्य आला नाही.

७ जुलै

अजून तेच आभाळ. हंबीरराव चौकशीला आले. आपल्याकडून जे होईल ते करतो म्हणाले. त्यांचा पलटणीचे कपडे धुणारा धोबी आहे, एका रात्रीत स्वच्छ करील. हमालीसुद्धा नको म्हणाले.

प्रेमा आतूनच म्हणाली, "सोडा लावायचा नाही म्हणावं. हळदीला सोडा लागला की लाल होते."

"सरी अक्का, सांगतो ना. मी स्वतः सांगतो."

भागुबाई तयार नव्हती. म्हणाली, आणखी दोन दिवस वाट बघू. मी तिला समजावले की मुदत आभाळासाठी थांबत नाही. हातगाडीवर माल लादून पाठवला.

९ जुलै

धोब्याकडून माल आला. मी गाठोडे सोडले आणि पुन्हा बांधले.

प्रत्येक कोपऱ्यात तांबडा डाग. पिवळा होता तो तांबडा झाला, बोटाएवढा होता तो रुपयाएवढा पसरला. हंबीररावांना अतिशय वाईट वाटले. "गाढव विसरला, शास्त्रीबुवा. हजारदा सांगितलं होतं." त्यांनी त्याला कामावरून काढतो म्हटले. मी गरिबाच्या पोटावर मारू नका म्हणून विनवले. त्यांनी माझा शब्द ठेवला.

भागुबाई ढिगाशी बसून एकेक झबले उघडून बघत होती. खोकत होती. यल्लव्वाने विचारले, काय बघतेस? म्हणाली, "अक्कांनी माझं बोट टेकवलं ते कुठलं आसंल." सगळी सारखीच झाली होती.

१३ जुलै

पालिकेची सभा. मी वार्ताहरांच्या बाकावर. स्टोअरकीपरने एक झबले उंच धरले. एक सभासद उठले: "नवजात बालकाला रक्ताच्या डागांचे वस्त्र देणार काय ही पालिका?"

मास्तर म्हणाले, "रक्त नाही, हळद आहे!"

"विधवांच्या हातची हळद?" मागून कुणीतरी, आणि हशा.

मी उठलो. "विधवांच्या नव्हे, माझ्या बायकोच्या हातची!" वार्ताहराने सभेत बोलायचे नसते. अध्यक्षांनी मला बाहेर काढले. बाहेर भागुबाई पायरीवर बसली होती. आतले तिला ऐकू आले असणारच. मी आत जे बोललो तेही. मला वाटले होते तिला माझे आभार मानावेसे वाटतील. तिने नुसते सरकून मला बसायला जागा केली.

माल नामंजूर.

२ ऑगस्ट

अट दुरुस्त झाली. 'निराधार स्त्रियांच्या सहकारी संस्थेकडून' याऐवजी 'निराधार स्त्रियांना काम देणाऱ्या पुरवठादाराकडून'. मला भीती होती की सगळीच अट काढून टाकतील. तेवढे झाले नाही. वाक्याचा सांगाडा शाबूत आहे. मास्तर मात्र विचित्रपणे म्हणाले, "सांगाडाच, पद्माकरराव." त्यांची प्रकृती बरी नसते हल्ली.

काम हंबीररावांना मिळाले. त्यांनी अटीचा मान राखून तलावाकाठी एक पत्र्याची शेड घेतली आहे, आणि संस्थेतल्या सगळ्या बायकांना तिथे बोलावले आहे. बोलावले नसते तरी हंबीररावांना कोण जाब विचारणार होते?

१९ ऑगस्ट

वर्षाची बोली संपली, मंडळाने यंत्रे परत नेली. मी गेलो तेव्हा हातगाडीवर चढवत होते. यल्लव्वाने आपल्या यंत्राच्या चाकाला बांधलेला लाल दोरा सोडून घेतला.

हंबीररावांनी मंडळाशी बोलून ती यंत्रे आपल्या शेडसाठी घेतली. म्हणजे बायकांना हातची ओळखीची यंत्रेच मिळाली. योगायोग तरी चांगला जुळला. मी यावर एक सविस्तर वार्तापत्र लिहिले: 'उद्योजकाची सामाजिक दृष्टी'.

२८ ऑगस्ट

वार्तापत्र छापून आले. संपादकांनी प्रथमच एक अक्षर कापले नाही. हंबीररावांनी अंक मागून घेतले. प्रेमाने घरचा अंक वाचला, घडी घातली आणि कपाटाच्या फळीवर पसरायला घेतला.

६ सप्टेंबर

भागुबाई निरोप घ्यायला आली. निपाणीला जाते म्हणाली, वखारीत.

मी हादरलो. डॉक्टर काय म्हणाले होते त्याची आठवण दिली. हंबीररावांच्या शेडमध्ये का नाही गेलीस, मी शब्द टाकतो, म्हटले.

"गेलते, अण्णा. चार रोज हुते. तिथं शिवण आतनं घालायला सांगत्यात. लवकर हुतं म्हनं. मी म्हनलं, बाळाला काचंल. मालक म्हनलं, बाळ टेंडर भरतंय का?"

"विनोदाने म्हणाले असतील. त्यांचा स्वभाव तसा आहे."

"आसंल." मग थोडा खोकून म्हणाली, "त्यापरीस वखार बरी. तिथं तंबाखूला तंबाखूच म्हंत्यात."

मला याचा रोख नीट लागला नाही. प्रेमा स्वयंपाकघरात गेली ती बराच वेळ आली नाही. बाहेर आली ती शिधा घेऊन, आणि डोळे पुसलेले होते. कांदा, म्हणाली. स्वयंपाक कधीच झाला होता.

जाताना भागुबाईने दारात आमची गल्ली झाडणाऱ्या गंगव्वाला थांबवले. तिची मुलगी बाळंतपणाला आली आहे. पिशवीतून तांबड्या डागाचे एक झबले काढून तिला दिले. नामंजूर मालाचे काय झाले होते ते मला आजवर ठाऊक नव्हते. वाटून टाकला म्हणे, ज्यांना चालेल त्यांना.

२५ नोव्हेंबर

अडीच महिने वही उघडली नाही. सरहद्दीवरच्या बातम्यांपुढे झबल्यांना कोण विचारतो? हंबीररावांना पलटणीच्या लोकरी बंड्यांचे मोठे काम मिळाले. त्यांनी संरक्षण निधीला सभेत अंगठी काढून दिली. मी टाळ्या वाजवल्या. मनात एकदा आले, ही माझी अट नेमकी कोणाच्या उपयोगी पडली? उत्तर येण्याआधी रेडिओवर बातम्या लागल्या.

१० फेब्रुवारी १९६३

सकाळी यल्लव्वा आली. दारातच उभी राहिली. भागुबाई संक्रांतीनंतर गेली. वखारीतच बसल्या जागी, तंबाखूच्या ढिगाशी. बाकीच्यांना वाटले पेंगते आहे.

यल्लव्वाचे डोळे लाल झाले होते. शेडमध्ये खिडकी नाही म्हणाली, कंदील लावून बसतो. मी म्हटले, हंबीररावांच्या कानावर घालतो. ती घाईने म्हणाली, "बेड, अण्णा. नको. काही सांगू नका त्यांना." भिडस्त माणसे.

तिला चहा देईपर्यंत गंगव्वा नातवाला कडेवर घेऊन वर आली. गुटगुटीत पोर. अंगात तेच झबले, आता पोटापर्यंतच पोचणारे. कोपऱ्यातला डाग उन्हाने जवळजवळ गेला होता, फिकट गुलाबी सावली उरली होती. गंगव्वा कानडीत सांगत होती, यल्लव्वा मराठीत करून देत होती: प्रसूतिगृहाचे गाठोडेही मिळाले होते, पण त्या झबल्याने पोराची मान सोलून निघाली, नाडी पहिल्या धुण्यातच तुटली. हे मात्र रोज धुते, रोज घालते. आता आखूड झाले तरी सोडवत नाही.

प्रेमाने पोराला घेतले. झबल्याची ती बाहेरची शिवण बोटाने चाचपली. मग डाव्या कोपऱ्यावर बोट टेकवले आणि तसेच राहू दिले.

मला हे नोंदवण्यासारखे वाटले. मी म्हटले, "हे हंबीररावांना सांगितले पाहिजे. आज रविवार, येतीलच. नाडीचे आणि शिवणीचे कळले तर सुधारून घेतील."

प्रेमा पोराकडेच बघत होती. "सांगा ना," म्हणाली. "तुम्ही त्यांना सगळंच सांगत आलात."

तिच्या बोलण्याला कधीकधी उगाच धार येते. भागुबाईच्या बातमीने असेल.

संध्याकाळी हंबीरराव आले. "स्वल्प चहा, अक्का," म्हणून त्यांनी आत हाक मारली. मीही मारली. आत डोकावलो, तर प्रेमा दाराकडे पाठ करून बसली होती. चूल पेटलेली नव्हती. थोड्या वेळाने हंबीरराव काहीतरी काम आठवून उठले.